एकोणिसाचा पाना आणि फुगलेले नट: नोव्हायमधल्या एका गाडीचं प्रकरण

गाडी नऊ वर्षांची हॅचबॅक, एका मोठ्या अमेरिकी कंपनीची. ठिकाण मिशिगनमधलं नोव्हाय, डेट्रॉइटच्या वायव्येचं उपनगर. मोटार उद्योगात नोकरी करणारी मराठी घरं इथे बरीच आहेत. गाडीची मालकीण मूळची नाशिकची, आमच्यापासून दोन घरं पलीकडे भाड्याने राहते. गाडी तिने वापरलेलीच घेतली होती.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आय-९६ महामार्गावर तिचं मागचं टायर बसलं. डिकीत स्टेपनी होती, तिच्यात हवा होती, जॅक होता, पाना होता. पाना मात्र नटावर चढेना. नट १९ मिलिमीटरचा, पाना १९ मिलिमीटरचा, दोन्ही त्याच कंपनीचे, तरी पाना तोंडाशीच अडत होता. मदतीला आलेल्या टो ट्रकवाल्याने २० ची गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखं बसणारं सॉकेट, हातोड्याने ठोकून बसवली, चाक बदललं आणि जाता जाता सांगितलं, हे सगळे नट बदलून टाक, पुढच्या वेळी ही गोटीसुद्धा घसरेल. नंतर तिने एका दुकानात चौकशी केली. मजुरीसकट आलेला आकडा ऐकून ती आमच्याकडे आली. "दादा, हे घरी होण्यासारखं आहे का?"

होण्यासारखं होतं, पण घाईचं नव्हतं. फुगलेला नट चालत्या गाडीत आपोआप सैल पडत नाही, त्याची धरण्याची ताकद आतल्या पोलादात असते. अडचण येते ती काढताना. म्हणून थंडी ओसरेपर्यंत थांबायचं ठरवलं. तोपर्यंत २० ची सहा कोनांची एक गोटी आणि लांब दांडा तिच्या डिकीत टाकून ठेवला. मे महिन्यात तिचे आईवडील नाशिकहून आले. वडील निवृत्त फिटर, अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात आयुष्य गेलेलं. अमेरिकेत येऊन आठवडाभर घरात बसल्यावर ते स्वतःच विचारायला आले, "त्या नटांचं काय झालं?"

नट फुगतो म्हणजे काय होतं

आधी मोजमाप केलं. व्हर्नियर घेऊन तिचे वडील, म्हणजे आमचे काका, एकेका नटापाशी उकिडवे बसले आणि मी आकडे लिहून घेत गेलो. १९ च्या गोटीत जायचा नट सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत १९ पेक्षा किंचित कमीच असावा लागतो. इथे निम्म्याहून जास्त नट १९.३ ते १९.६ च्या दरम्यान भरले. एकाच नटाच्या तीन जोड्या मोजल्या तर तीन वेगळे आकडे येत होते. म्हणजे नट सगळीकडून सारखा वाढला नव्हता, एकेका बाजूला पोट आलं होतं.

हे नट एकसंध नसतात. आत साध्या पोलादाचा नट आणि त्यावर स्टेनलेसच्या पातळ पत्र्याची टोपी दाबून बसवलेली. टोपीमुळे नट चकचकीत दिसतो, आणि तसा दिसणारा नट बनवण्याची ही स्वस्त रीत आहे. कारखान्यातून निघताना त्यात काहीच खोट नसते. पुढे टोपीच्या काठाशी असलेल्या फटीतून पाणी आत जातं आणि मिशिगनमध्ये ते पाणी खारट असतं. डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे १,२०० फूट खाली, मिठाची खाण आहे. शंभर वर्षांहून जुनी, आजही चालू. हिवाळ्यात रस्त्यावर पसरतात ते हेच जाडं मीठ. पारा उणे नऊ-दहा अंश सेल्सियसच्या खाली गेला की साधं मीठ बर्फ वितळवण्यात कमी पडतं, मग त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार वापरतात. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे रस्ता वाळला तरी फटीतलं पोलाद ओलंच राहतं.

लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. गंज कोणत्या प्रकारचा यावर अवलंबून ही वाढ दुपटीपासून सहापटीपर्यंत सांगतात. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या स्लॅबचे पोपडे याच कारणाने पडतात, आतली सळई गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते. टोपीचं तसंच. स्टेनलेस स्वतः गंजत नाही, पण आतला गंज तिला बाहेर रेटत राहतो. त्यात टायरच्या दुकानातली हवेची गन भर घालते. दर काही हजार मैलांनी चाकं आलटून पालटून लावताना ती गोटी टोपीच्या कोपऱ्यांवर आपटत राहते, पत्रा ढिला होतो, फट रुंदावते.

हा त्रास इतका सर्रास आहे की इथल्या हत्यारांच्या दुकानांत १९.५ आणि २१.५ मिलिमीटर अशा अर्धवट मापांच्या गोट्या मिळतात. कुठल्याही कंपनीने कधी १९.५ चा नट बनवलेला नाही. त्या गोट्या केवळ फुगलेल्या नटांसाठीच आहेत. काकांना हे फार मजेशीर वाटलं. "रोग बरा करायचा सोडून रोगाच्या मापाचा पाना काढला," म्हणाले.

टायरवाल्याला या फुगण्याचा फारसा त्रास नाही, त्याच्याकडे गन आहे आणि पाच मापांच्या गोट्या आहेत. त्रास रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला होतो, कारण त्याच्याकडे डिकीतला एकच पाना असतो. म्हणून नवे नट निवडताना आम्ही एकच कसोटी धरली. डिकीतल्या पान्याने, मालकिणीच्या हाताने, वीसच्या वीस नट सुटले पाहिजेत.

काय घ्यायचं

कसोटी ठरल्यावर बऱ्याच गोष्टी आपोआप बाद झाल्या. कंपनीचे तसेच नवे नट घेतले तर चार-सहा हिवाळ्यांनी पुन्हा हेच. हौशी गाड्यांना लावतात ते बारीक तोंडाचे, खाचांचे नट दिसायला देखणे, पण त्यांना वेगळी चावी लागते आणि ती चावी नेमकी गरजेच्या वेळी सापडत नाही. ॲल्युमिनियमचे रंगीत नट रोजच्या गाडीला आणि या मिठाला अजिबात नकोत. उरले ते एकसंध पोलादाचे, वरून क्रोमचा मुलामा दिलेले, बंद तोंडाचे नट. त्यांचा मुलामाही कधीतरी उडेल आणि वर तांबेरा दिसेल, पण फुगायला आत पोकळीच नाही.

वीस नटांचा संच पस्तीसेक डॉलरला मिळाला. पैसे किरकोळ होते, विचार करायचा होता तो मापांचा. चाकाचा नट गाडीला तीन ठिकाणी जुळावा लागतो, आणि तिन्ही ठिकाणी 'जवळपास' चालत नाही.

पहिलं ठिकाण म्हणजे आटे. या गाडीचे स्टड, म्हणजे ज्यांवर नट चढतो ते आट्यांचे दांडे, एम१२ × १.५ मापाचे आहेत, म्हणजे व्यास १२ मिलिमीटर आणि एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर दीड मिलिमीटर. एम१२ × १.२५ हेही तितकंच प्रचलित माप आहे. निस्सान, सुबारू आणि आपल्याकडच्या मारुती-सुझुकी गाड्यांना ते असतं. दोन्ही नट शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. चुकीचा नट एखाद-दोन फेरे गोड जातो आणि मग अडकतो. तिथे हाताऐवजी पाना लावला की आटे गेलेच.

दुसरं ठिकाण नटाची बैठक, म्हणजे चाकाला टेकणारा भाग. या गाडीला ६० अंशांची शंकूसारखी बैठक होती आणि बाजारात मिळणारे बहुतेक नट तसेच असतात. पण होंडाच्या कारखान्यातून येणाऱ्या चाकांना गोलाकार बैठक लागते, आणि टोयोटाच्या कित्येक अलॉय चाकांना सपाट वॉशरचे, लांब मानेचे नट असतात. होंडाच्या मूळ चाकाला शंकूचा नट लावला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकलेला असतो फक्त एका बारीक कड्यावर. पुढे ते कडं चेपतं आणि ताण निघून जातो. पुण्या-मुंबईत होंडा सिटीला बाहेरून चकचकीत नट घालून घेणाऱ्यांनी ही एक गोष्ट दुकानदाराला जरूर विचारावी. फोक्सवॅगन आणि स्कोडावाल्यांचा प्रश्नच निराळा, तिथे स्टड-नट नसून थेट बोल्ट असतात.

तिसरं ठिकाण नटाची खोली. बंद तोंडाचा नट स्टडच्या टोकाला आतून टेकला तर तो चाक न दाबता स्टडलाच दाबत बसतो. टॉर्क रेंच, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क) ठरवलेल्या आकड्याला पोचला की वाजणारा पाना, 'कट्ट' करेल, चाक मात्र हलत राहील. उलट नट फारच आखूड असेल तर पुरेसे आटे धरत नाहीत. १२ × १.५ ला निदान साडेसहा फेरे धरायला हवेत असा प्रघात आहे. आम्ही एका स्टडवर नवा नट नुसत्या हाताने बसवून फेरे मोजले. आठापेक्षा जास्त भरले.

आणि बाहेरचा षट्कोन १९ चाच. यात चौथं माप म्हणण्यासारखं काही नाही, कारण कसोटीच ती होती.

काढणं

बहुतेक लोक इथे गाडी जॅकवर चढवतात. नुसते नट बदलायला त्याची गरज नाही. गाडी चारही चाकांवर उभी, सपाट जमीन, हँडब्रेक लावलेला. एक नट काढायचा, स्टडवरून तारेचा ब्रश फिरवायचा, नवा नट हाताने शेवटपर्यंत फिरवत न्यायचा, कसायचा, मग दुसरा. बाकीचे चार नट चाक जागच्या जागी धरून ठेवतात. ज्या चाकाचे स्टड तपासायचे आहेत किंवा हबवरचा, म्हणजे चाक ज्या फिरत्या चकतीवर बसतं तिच्यावरचा, गंज साफ करायचा आहे ते चाक तेवढं उतरवावं.

आदल्या रात्री सगळ्या नटांच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. त्याचा किती उपयोग झाला ते सांगता येणार नाही, बंद टोपीच्या नटात तेल वरून आत जाऊच शकत नाही.

जे फुगले नव्हते ते १९ च्या गोटीने मुकाट सुटले. फुगलेल्यांना १९.५ ची गोटी आणि दोन फुटी दांडा लागला. हातोड्याचा एक ठोका, दांड्यावर सावकाश वाढत जाणारा जोर, आणि 'कर्र' असा आवाज करून नट सुटायचा. झटके द्यायचे नाहीत. झटक्याने टोपी कोपऱ्यावर फिरते आणि मग तिच्यासाठी कुठलंच माप उरत नाही. टॉर्क रेंच या कामाला वापरायचा नाही हे वेगळं सांगायला नको, तरी लोक वापरतात आणि मग त्याचं माप बिघडवून बसतात.

तीन नटांच्या टोप्या आतल्या नटाला तिथेच सोडून गोल गोल फिरू लागल्या. इथे काकांनी सूत्रं हाती घेतली. अणकुचीदार छिन्नी टोपीच्या काठाखाली घालून त्यांनी पत्रा केळीच्या सालासारखा उलगडला. आत तपकिरी भुकटी आणि मूळचा नट, वरच्या मापापेक्षा साधारण दीड मिलिमीटर लहान. त्यावर लहान गोटी ठोकून बसवली आणि नट निघाले. ज्यांना छिन्नी चालवायची सवय नाही त्यांच्यासाठी आतून उलट्या पिळाच्या धारा असलेल्या गोट्या मिळतात. त्या नटात रुततात आणि जितका जोर लावाल तितकं घट्ट धरतात. त्यातून निघालेला नट अर्थातच भंगारात. छिन्नी चालवताना चष्मा हवाच, आणि अलॉयवर ओरखडा नको असेल तर खाली जाडसर कापड. नटाला गॅसने तापवायचा सल्ला मी तरी मानणार नाही. शेजारी टायर असतं, आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि अलॉय तापल्यावर त्याचं काय होतं ते बाहेरून दिसत नाही.

तुटलेला स्टड

पुढच्या डाव्या चाकाचा एक नट अर्धा फिरला आणि मग जड होत गेला. सुटणारा नट आधी जड असतो, मग हलका होतो. हा उलटा वागत होता. काकांनी हात उचलला. "थांबा. हा आडवा गेलाय." कुठल्यातरी दुकानात कधीतरी हाताने सुरुवात न करता थेट गनने चढवलेला नट, आट्यांवर आटे चढलेले. दोन पर्याय होते, पुन्हा आत फिरवून मागेपुढे करत पाहणं किंवा सरळ बाहेर काढत राहणं. मागेपुढे करून पाहिलं. काही फेऱ्यांनंतर दांडा अचानक हलका झाला आणि स्टड नटासकट हातात आला.

याला अपघात म्हणता येणार नाही. असा नट स्टडचे आटे खाऊनच बसलेला असतो, त्यामुळे तो शाबूत निघाला असता तरी स्टड बदलावाच लागला असता. ज्यांना हे काम जमणार नाही त्यांनी चार नटांवर सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जावं, पण 'पाचपैकी चार आहेत ना' म्हणून महिनोन् महिने गाडी चालवू नये. उरलेल्या चारांवर, त्यातही तुटलेल्याच्या दोन्ही बाजूंच्या स्टडवर, जास्तीचा भार येतो.

स्टडला डोक्याखाली उभ्या दातऱ्या असतात आणि तो हबमध्ये मागच्या बाजूने दाबून बसवलेला असतो. त्यासाठी या चाकापुरती गाडी उचलावी लागली. मागच्या चाकांना आडवी लाकडं लावली, जॅकने उचललं आणि लगेच खाली स्टँड दिला. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीच्या आसपास हात घालायचा नाही, याला अपवाद नाही. चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर त्याच्या चौकटीसकट सोडून तारेने स्प्रिंगला टांगला. रबरी नळीवर त्याचं ओझं येता कामा नये. डिस्क ओढून काढली. हब फिरवत फिरवत अशा जागी आणला की मागे स्टडचं डोकं बाहेर पडायला मोकळी जागा मिळेल.

जुना तुकडा हातोड्याने मागे ठोकून काढताना पुष्कळ लोक दिसतात. निघतोही. पण प्रत्येक ठोका हबच्या बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो, आणि महिनाभराने घोंघावणारं बेअरिंग या कामाशी जोडायचं कुणाला सुचत नाही. ऑटोझोनसारख्या दुकानांत अनामत रक्कम ठेवून हत्यारं उसनी मिळतात, परत केल्यावर पैसेही परत मिळतात. तिथून सी आकाराचा प्रेस आणला आणि स्क्रू फिरवत स्टड शांतपणे मागे ढकलला.

नवा स्टड, काही डॉलरचा, मागून घातला. पुढून वॉशरची चवड लावली आणि त्यावर उघड्या तोंडाचा एक साधा नट, सपाट बाजू वॉशरकडे करून. वॉशरना थोडं तेल. मग हाताच्या दांड्याने नट फिरवत स्टड ओढून घेतला. दातऱ्या जुन्या खाचांत बसल्या पाहिजेत आणि डोकं हबला मागून पूर्ण टेकलं पाहिजे. काकांनी आरसा मागवला, टॉर्च लावली आणि मागचं डोकं टेकलेलं दिसेपर्यंत समाधान मानलं नाही. डोकं अर्धवट राहिलं तर पुढच्या शंभर मैलांत ते आपोआप आत सरकतं आणि तेवढा नट ढिला पडतो. ओढायला वापरलेला नट आणि वॉशर मग भंगारात टाकले.

ग्रीसचा वाद

सगळे स्टड ब्रशने साफ झाल्यावर काका म्हणाले, "आता आट्यांना थोडं ग्रीस लावू, म्हणजे पुन्हा कधी गंजणार नाही." त्यांच्या कारखान्यात कोणताही बोल्ट कोरडा बसवत नसत. मिशिगनमध्येही तांब्याचा लेप लावणारे गल्लोगल्ली भेटतात. मी नको म्हणालो, आणि त्यांना तोंडी उत्तर पुरणार नव्हतं म्हणून तिथेच पुठ्ठ्यावर हिशोब मांडला.

या गाडीला नट १३५ न्यूटन-मीटर, म्हणजे १०० पाऊंड-फूट कसायला सांगितलेत. हा आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी आहे. आपण लावतो त्या जोरातला ढोबळमानाने नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो, थोडा आट्यांमध्ये आणि थोडा नटाच्या बैठकीखाली. उरलेला दहा टक्के स्टडला ताणतो, आणि चाक धरून ठेवतो तो हाच ताण. नेहमीचं ढोबळ सूत्र असं: ताण म्हणजे टॉर्क भागिले घर्षणाचा गुणक आणि व्यास यांचा गुणाकार. कोरड्या पोलादाला गुणक ०.२ धरला तर १३५ ला ०.२ × ०.०१२ ने भागून येतात सुमारे ५६,००० न्यूटन. एका स्टडवर साडेपाच टनांहून जास्त ताण. आता ग्रीस लावलं आणि गुणक ०.१५ वर आला, तर तोच टॉर्क ७५,००० न्यूटन ताण देतो. १०.९ या ताकदीच्या प्रतीच्या एम१२ × १.५ स्टडची कायमचा न ताणता भार सोसण्याची मर्यादा साधारण ७३,००० न्यूटन. म्हणजे रेंच अगदी बरोबर आकड्याला वाजतोय आणि स्टड मर्यादेबाहेर गेलाय.

काकांनी पुठ्ठा बराच वेळ पाहिला. "मग टॉर्क कमी करा ना," म्हणाले. मुद्दा चुकीचा नव्हता. त्यांच्या कारखान्यात तसंच करत असणार, वंगणासकटचा आकडा ठरवून. पण इथे तो आकडा कुणी दिलेला नाही, आणि पुढच्या वेळी चाक उघडणारा टायरवाला पुस्तकातलाच आकडा लावणार. त्याला आत ग्रीस आहे हे कोण सांगणार? यावर ते मान्य झाले, पूर्ण पटलं असं मात्र नाही. शेवटी ग्रीसच्या डबीला काम मिळालंच. चाकाचं मधलं भोक हबच्या ज्या गोल कड्यावर बसतं, त्या कड्यावर अगदी पातळ बोट फिरवलं. मिठाच्या देशात चाक तिथे चिकटून बसतं आणि मग लाथा मारून काढावं लागतं. हबच्या सपाट तोंडावर मात्र काही नाही, फक्त ब्रश. तिथला गंजाचा पापुद्रा किंवा हौसेने मारलेला रंग नंतर दबतो आणि स्टडचा ताण तेवढा उतरतो.

कसणं

नवा प्रत्येक नट आधी बोटांनी, चाकाला टेकेपर्यंत. मध्ये कुठेही अडला तर परत काढायचा. हा काकांचा नियम, आणि गनवाल्या दुकानांनी पाळला असता तर आमचा स्टड तुटला नसता. मग दांड्याने हलका कस, एकाआड एक, चांदणी काढतो त्या क्रमाने. शेवटी गाडी जमिनीवर असताना टॉर्क रेंच, आधी ७० न्यूटन-मीटरला एक फेरी, मग १३५ ला. 'कट्ट' वाजला की थांबायचं. खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढणारे लोक दर वेळी नट थोडा पुढे नेत असतात.

मालकिणीने सगळा वेळ पाहिलं होतं, काही नट स्वतः कसले होते. ती म्हणाली, "बाबा, रस्त्यात हा रेंच कुठे असणार?" डिकीतला पाना साधारण एक फूट लांब. १३५ न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकावर पंचेचाळीसेक किलोचा भार लागतो. म्हणजे पाना आडवा धरून दोन्ही हातांनी जवळजवळ सगळं अंग टाकलं की तिचं काम होतं. तिने तसं करून एक नट कसला, मग रेंच लावून पाहिला. जेमतेम सरकून वाजला. उभं राहून पान्यावर उड्या मारणाऱ्या सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाने मात्र किती ताण दिला असेल याचा हिशोब पुठ्ठ्यावरूनच करावा.

पन्नास ते शंभर मैल गाडी चालल्यावर नट पुन्हा तपासायचे असतात. नवी बैठक, नवा स्टड, सगळं थोडं थोडं दबतं. तपासले तेव्हा नवा स्टड असलेल्या जागी नट किंचित फिरला, बाकीचे जागचे हलले नाहीत. टायरच्या दुकानात गेल्यावर कामाच्या कागदावर '१०० पाऊंड-फूट, हाताने' असं लिहून घ्यायला तिने सुरुवात केली आहे. काउंटरवरचे लोक याला नाही म्हणत नाहीत.

एक तपासणी मात्र त्या दिवशी राहून जात होती, ती काकांच्या लक्षात आली. स्टेपनी. ती पातळ पोलादी पत्र्याची, मूळ अलॉय जाड. जाड चाकावर नटाच्या आत जे टोक टेकत नव्हतं, ते पातळ चाकावर जास्त बाहेर येणार आणि बंद तोंडाच्या नटाला आतून टेकू शकतं. तसं झालं तर नवे सुंदर नट नेमके पंक्चरच्या दिवशी निकामी. मागचं एक चाक उतरवून स्टेपनी लावून पाहिली. एका नटाच्या आत तळाशी ओल्या मातीची छोटी गोळी बसवली, नट पूर्ण कसला, परत काढला. गोळी चपटी झाली होती, पण स्टडचं टोक आणि नटाचा तळ यांच्यामध्ये तीनेक मिलिमीटर माती शिल्लक होती. नट पुसून घेतला, स्टेपनी डिकीत गेली. २० ची गोटी आता तिथून काढली आहे, १९ चा पाना तेवढा ठेवला आहे.